मुखपृष्ठावरची बाई : एका दिवाळी अंकाच्या कव्हरच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५

नागपुरात धरमपेठेत, अंक काढणाऱ्या ताईंकडे बैठक. यंदाच्या दिवाळी अंकाचं कव्हर माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी घाईघाईत विकतच्या फोटोंच्या साइटवरून पणती धरलेली मुलगी उचलली होती. ऐन दिवाळीत स्टॉलवर पाहतो तर तीच मुलगी, तीच पणती आणखी दोन अंकांवर. एकावर तर तिचं तोंड आरशात पाहावं तसं उलटं फिरवलेलं. ताईंनी ते वर्षभर मनात ठेवलंय. या खेपेला त्यांची अट अशी की आधी पाहा, मग काढा. फॅशनच्या आणि बायकांच्या मासिकांवर बाई कशी दाखवतात, ती बघून दुसरी बाई तो अंक का उचलते, हे समजून घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. नोंदी फायलीत राहतील, पुढच्या वर्षी काम कोणाकडेही जावो.

अंकाचा विषय कपडे. लुगड्यापासून लेगिंगपर्यंत सगळं. म्हणजे कव्हरवर बाई हवीच, आणि तिच्या अंगावरच्या कपड्याला काही अर्थ हवा.

१८ जुलै

बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर गेले. पावसाची रिपरिप, सगळा माल प्लास्टिकखाली. फॅशनची मासिकं मागितली तर विक्रेत्याने विचारलं, "नटीवालं पाहिजे का मॉडेलवालं?" त्याच्याकडे दोन वेगळे गठ्ठे होते आणि भावही वेगळे. नटी असलेला अंक पाच वर्षं जुना असला तरी जातो. "मॉडेलले कोण ओळखते मॅडम? ते रद्दीच्या भावातच जाऊन राहिलं."

एवढं एक वाक्य ऐकून चकचकीत मासिकांच्या गेल्या तीसेक वर्षांच्या इतिहासाची निम्मी वाट चालून झाली. 'व्होग'चा भारतातला पहिला अंक ऑक्टोबर २००७ चा. त्याच्या कव्हरवर प्रियांका चोप्रा आणि बिपाशा बासू होत्या, जोडीला ऑस्ट्रेलियन मॉडेल जेमा वॉर्ड. ओळखीचे चेहरे विकायला आणि परदेशी चेहरा 'हे अस्सल आहे' असं सांगायला. 'एल' आणि 'कॉस्मोपॉलिटन' १९९६ पासून इथे निघतात, 'फेमिना' तर १९५९ पासून. गठ्ठ्यात सगळ्यांचे थोडेथोडे अंक मिळाले. 'गृहशोभिका' घरीच होत्या, आईच्या.

२० जुलै

दिवाणखान्यातल्या फरशीवर सगळी कव्हरं पसरली. पंखा बंद ठेवावा लागला, त्यामुळे घामाच्या धारा.

पहिल्या नजरेत दिसतं ते सगळ्यांना माहीतच आहे. तरुण, उंच, गोरी किंवा गोरी केलेली, केस वाऱ्यावर. ते लिहून फायल भरण्यात अर्थ नाही. मी चेहरे कागदाच्या पट्टीने झाकले आणि उरलेलं पाहत बसले. तेव्हा हात दिसले.

हात कुठे आहेत? कमरेवर. मानेवर. हनुवटीखाली. केसांत. दुसऱ्या हाताच्या कोपरावर. एकीचं बोट ओठाला टेकलेलं, एकीचा पंजा स्वतःच्याच खांद्यावर इतका अलगद की खांद्याला तो कळणारही नाही. पिशवी धरली तर दोन बोटांत, आत काही नसल्यासारखी. ज्याला वजन आहे असं काही हातात धरलेली बाई मला या फरशीवर सापडेना. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात जाहिरातींमधले फोटो लावून लावून हेच दाखवलं होतं: पुरुषाचा हात वस्तू पकडतो, बाईचा हात वस्तूला किंवा स्वतःला नुसता स्पर्श करतो. मान कलती, गुडघा किंचित दुमडलेला, नजर मधूनच चित्राबाहेर हरवलेली, ही त्याचीच निरीक्षणं. पन्नास वर्षांत कॅमेरे बदलले, हात तिथेच.

'व्होग'ने पहिला रंगीत फोटो कव्हरवर घातला तो जुलै १९३२ मध्ये, एडवर्ड स्टायकेनने काढलेला. तोपर्यंत तिथे चित्रं असत. त्या फोटोत पोहण्याच्या पोशाखातली बाई हात वर करून चेंडू धरून आहे. हातात वस्तू आहे खरी, पण हवा भरलेली!

मथळ्यांबद्दल एक. चित्रातल्या बाईत काही कमी नाही आणि तिच्या आजूबाजूचे मथळे सगळे वाचणारीत काय कमी आहे यावर. पोट, त्वचा, नवरा, कपाट. आकडा असला की मथळा वर जातो. एकाच कव्हरवर 'स्वतःवर प्रेम करा' आणि 'दहा दिवसांत बारीक व्हा' शेजारी शेजारी. दोन्ही वाक्यं एकाच टेबलावर, एकाच दुपारी लिहिली गेली असणार, आणि लिहिणारीला त्यात काही वावगं वाटलं नसणार.

२५ जुलै

वाचनालयात जुने बांधीव खंड पाहिले. मराठीत ही वाट वेगळ्या ठिकाणाहून निघालेली आहे, ते नोंदवायला हवं. शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक १९३० मध्ये काढलं. स्वतः चित्रकार असलेला संपादक, त्यामुळे चित्राकडे लक्ष. दिवाळी अंकाची परंपरा त्याआधीची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, १९०९ ची. पुढे चित्रकार दीनानाथ दलाल आले, त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केलं. मुळगावकरांची 'रत्नप्रभा'. चाळीस-पन्नासच्या दशकांत दिवाळी अंकाचं कव्हर म्हणजे रंगवलेली बाई हे समीकरण घट्ट झालं ते या मंडळींमुळे.

रंगवलेली बाई फोटोतल्या बाईपेक्षा एका बाबतीत स्पष्ट वेगळी वाटली. ती बहुतेक वेळा आपल्याकडे पाहत नाही. दिव्याकडे, फुलाकडे, खाली, दाराबाहेर. आपण तिला पाहतोय हे तिला ठाऊक नाही असं चित्र. फॅशनच्या मासिकातली बाई मात्र थेट डोळ्यांत बघते, कारण तिला स्टॉलसमोरून जाणाऱ्या बाईला थांबवायचं आहे. आधीची चोरून बघण्यासाठी, नंतरची अडवण्यासाठी. दोन्हीत मोकळी कोणती, हे मला ठरवता येत नाही.

चित्रांतल्या हातांत मात्र वस्तू आहेत. ताट, घागर, सूप, दोरा. देखणेपणासाठी घातलेल्या आहेत हे उघड आहे (भरल्या घागरीखाली कमर इतकी नाजूक वळत नाही), पण आहेत.

विद्या बाळ यांनी 'स्त्री'नंतर १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. त्याच्या नावातच एकटी बाई नाही. ताईंचा अंक मनाने त्या कुळातला आणि विक्रीसाठी बर्डीच्या स्टॉलवरचा. माझी पंचाईत नेमकी तिथे आहे.

२९ जुलै

आज पट्टी घेऊन बसले. १९८३ मध्ये डेन आर्चर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एक साधं माप काढलं होतं. माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला माथ्यापासून चित्रात दिसणाऱ्या शरीराच्या शेवटच्या टोकापर्यंतच्या अंतराने भागायचं. नुसता चेहरा असेल तर उत्तर १. जसजसं शरीर जास्त तसतसा आकडा खाली. अमेरिकी नियतकालिकांतले फोटो मोजल्यावर पुरुषांची सरासरी ०.६५ आणि बायकांची ०.४५ आली होती. म्हणजे पुरुषाचं डोकं दाखवायचं, बाईचं अंग.

ताईंकडून बातम्यांची जुनी साप्ताहिकं आणून शेजारी ठेवली. पुढाऱ्यांची तोंडं कव्हरभर, हनुवटीच्या खाली लगेच कागद संपतो. फॅशनच्या कव्हरवर बाई मांडीपर्यंत.

पण इथे थोडं थांबावं. फॅशनच्या मासिकात कपडा दाखवायचा असतो, तो हनुवटीवर नसतो. मांडीपर्यंत कापलेली प्रत्येक चौकट म्हणजे बाईचा अपमान, असं म्हणायला मी तयार नाही. माझी हरकत आहे ती बातमीच्या साप्ताहिकात बाई आली की तिथेही मांडीपर्यंत येते याला. मंत्री असली तरी साडी दिसलीच पाहिजे.

३ ऑगस्ट

ताईंच्या भाच्याचा फोन. अमेरिकी 'व्होग'च्या ऑगस्टच्या अंकात 'गेस' कंपनीची जाहिरात आली आहे, त्यातली मॉडेल अस्तित्वातच नाही, एआयने बनवलेली. बारीक अक्षरात तशी ओळही आहे. त्यावर जगभर गदारोळ चालू आहे. भाच्याचं म्हणणं: मग आपण फोटोग्राफरला पैसे का द्यायचे?

करून पाहिलं. 'नागपूरची मराठी बाई, शिलाईच्या दुकानात' असं सांगितल्यावर जी आली तिला नथ, चंद्रकोर, गजरा आणि सहा डझन बांगड्या, सगळं एकदम, जणू लग्नातून उठून थेट मशीनवर बसली. चेहरा गुळगुळीत. वय कितीही वाढवून सांगा, केस पांढरे होतात आणि गाल वीस वर्षांचे राहतात. जाहिरातवाल्यांना न सापडलेलं असं यात काही नाही. फरशीवर पसरलेल्या सगळ्या कव्हरांचा अर्क काढला तर हीच बाई निघेल.

प्रिंट काढून ठेवली आहे.

१३ ऑगस्ट

महालात माझ्या शिलाईवाल्या मावशींकडे गेले, ब्लाउज टाकायला. गठ्ठ्यातली काही कव्हरं सोबत नेली होती, ती प्रिंटही. आजवरची सगळ्यात कामाची दुपार.

मावशींच्या दुकानात, म्हणजे जिन्याखालच्या दहा बाय आठच्या खोलीत, भिंतीवर मासिकांची फाडलेली पानं चिकटवलेली आहेत. सगळ्यांची डोकी कापलेली. चेहरा त्यांना लागत नाही. गळा, बाही, मुंढा लागतो. गिऱ्हाईक बाई पान दाखवते, "असा गळा करा", आता पानाऐवजी मोबाइल दाखवते. म्हणजे मी ज्याला बाईचे तुकडे करणं म्हणून वहीत लिहीत होते, ते काम इथे वाचकच करते आहे, आणि आपल्या फायद्यासाठी. अख्खी बाई कोणाला नको आहे. तिची बाही हवी आहे, बाकी मी माझी आहे.

मावशींनी कव्हरं हातात घेतली आणि चष्मा वर केला. "हे पहा, मागून चिमटे लावले आहेत." कुठे? "खांद्यावर एक चुणी नाही, छातीवर एक नाही. हात वर केला आणि चुणी नाही, असं होते का कधी? शिवलेलं असतं तं ओढलं गेलं असतं. मागून आवळून चिमटे मारले, आणि पाठ दाखवली नाही." फोटोशूटमध्ये कपडे पाठीमागून क्लिपांनी आवळतात, नमुन्याच्या मापाचा कपडा कोणाच्याही अंगावर बसवायला. मला हे पुस्तकी माहीत होतं. मावशींना ते कापडाच्या ताणावरून, चष्मा वर करून, चार सेकंदांत दिसलं.

दुसऱ्या कव्हरवर: "बाही चांगली आहे, पण ही बाई या ब्लाउजात जेवू शकत नाही."

एआयच्या बाईची प्रिंट पाहून त्यांनी ती उलटी केली, परत सुलटी केली. "याले शिवण कुठं आहे? टक्स नाही, हूक नाही, बाही अंगातूनच उगवली काय?"

त्याच क्षणी कव्हर ठरलं: खुद्द मावशी. विचारलं तर त्या विचारात पडल्या, मग म्हणाल्या, पितृपक्षात या, तेव्हा काम थंड असते.

संध्याकाळी ताईंना फोन केला. मॉडेलला देतो तेवढं मानधन मावशींना द्यायचं, हे आधी पक्कं केलं. 'सन्मानचिन्ह आणि शाल' असा प्रस्ताव समितीतल्या एकींनी आणला, तो ताईंनीच परतवला.

२३ ऑगस्ट

आज काही काम नाही. मारबतीची मिरवणूक, इतवारी-महालातले रस्ते बंद, फोटोग्राफर दादा तिकडेच कॅमेरा घेऊन. बाईची एवढी मोठी प्रतिमा करून गावभर मिरवणारं आणि शेवटी 'इडा पिडा घेऊन जा' म्हणून जाळणारं गाव आपलं. काळ्या मारबतीला सुंदर करायचा मोह मात्र १८८१ पासून कोणाला झालेला नाही. तिला कोणाला काही विकायचं नाही.

२८ ऑगस्ट

ताईंशी वाद. मी म्हटलं कव्हरवरच्या हातांत काम हवं, कात्री हवी. त्यांनी विचारलं, काम दाखवलं की वाद उठतो, तयारी आहे का? आणि केरळातल्या 'गृहलक्ष्मी' पाक्षिकाची आठवण दिली. मार्च २०१८ च्या अंकावर बाळाला पाजणारी बाई होती, आम्हाला रोखून बघू नका असं सांगणारा मथळा होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसलं नाही. टीका दुसरीही झाली: फोटोतली मॉडेल स्वतः आई नव्हती, भांगात कुंकू, गळ्यात मंगळसूत्र घालून 'सोज्वळ' करून बसवलेली. मला ती दुसरी टीका जास्त बोचते. हातांना काम दिलं, पण हात भाड्याचे.

९ सप्टेंबर

फोटो. इतकं सगळं ठरवून गेले, आणि मावशींनी त्यावर पाणी फिरवलं.

दार उघडलं तेव्हा त्या पैठणी नेसून, पावडर लावून, केसांत अबोली माळून बसलेल्या. मशीनवर चादर टाकलेली. कात्री, टेप, खडू सगळं कपाटात. मी म्हटलं, मावशी, काम करतानाचा फोटो हवाय. त्या म्हणाल्या, "ते कायले? मी तं रोजच करून राहिली. कव्हरवर येऊन बी शिवतच बसू काय?"

त्यांना हनुवटीखाली हात घेऊन बसायचं होतं. नेमकी तीच पोझ, जिच्यावर मी वहीची चार पानं खर्चली होती. रिकामा हात माझ्यासाठी दुबळेपणाची खूण होती. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मशीनचं पायडल मारणाऱ्या बाईसाठी तो सुट्टीचा हात होता. चकचकीत कव्हरांवर बायका का भाळतात याचं एक उत्तर मला कोणत्याही अभ्यासात मिळालं नव्हतं, ते मावशींनी दिलं: तिथली बाई काही करत नाही आणि तिला कोणी हाक मारत नाही.

दादांनी तसे फोटो काढले. चांगले आले, पण शेजारणीच्या साठीशांतीच्या आमंत्रणपत्रिकेवरही चालले असते. मग मावशी स्वतःच उठल्या, पदर पुढे घेतला आणि पाठ केली. "आता काढा. माझं काम इथं आहे."

ब्लाउज त्यांनी स्वतःचा स्वतः शिवलेला, मागे खोल पानगळा, कडेने बारीक पायपिन, गळ्याखाली त्याच पैठणीच्या काठाचा तुकडा इतका नेमका जुळवलेला की मोर कापला गेलेला नाही. दोन गोंडे. स्वतःच्या पाठीचा गळा स्वतः बेतायचा, म्हणजे मापं कोणी घ्यायची, असं विचारलं तर हसल्या. "जुन्या ब्लाउजवरून. अन् अंदाज."

मान वळवून त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. खांद्यावरून मागे बघणारी बाई ही फॅशन फोटोतली सगळ्यात घासलेली पोझ आहे. पण त्या नजरेत 'या' नव्हतं, 'झालं का बघून?' होतं. एका हाताने पदर ओढून धरलेला, गळा दिसावा म्हणून. हाताला काम मिळालं, त्यांच्या मर्जीचं.

१२ सप्टेंबर

दादांनी फाइल पाठवली ती 'साफ' करून. दंडावरचा देवी काढल्याचा व्रण गायब, मानेवरच्या वळ्या गायब. मी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, सवयीने हात जातोच.

हे सगळीकडे सवयीनेच होतं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या 'ग्राझिया' मासिकाने अभिनेत्री लुपिता न्योंगोच्या कव्हरवर तिचे मागे बांधलेले कुरळे केस पुसून टाकले. तिने जाहीर हरकत घेतली तेव्हा माफी मागितली गेली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून फ्रान्समध्ये जाहिरातीच्या फोटोत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आहे, पण तो अंग किती उघडं याच्याशी भांडतो. पुसलेल्या व्रणाशी त्याला देणंघेणं नाही.

मूळ फाइल मागवून घेतली आणि मावशींना दोन्ही दाखवल्या. व्रण राहू दे म्हणाल्या. "पण मानेचा काळेपणा काढ." मी म्हटलं तो आपण ठेवू. तर म्हणाल्या, "मान तुझी आहे का माझी?"

ताईंचा निवाडा मावशींच्या बाजूने. मी मानेवरची सावली थोडी हलकी केली, कातडीचा रंग तसाच ठेवला. मला हे पूर्ण पटलेलं नाही. मूळ फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये आहे.

१६ सप्टेंबर

मांडणी. इंग्रजी मासिकांत बाईचं डोकं नावावर चढवतात, दोन अक्षरं झाकली तरी नाव वाचता येतं. आपल्याकडे शिरोरेघ आणि वेलांटी झाकली की नावाचा बट्ट्याबोळ होतो. डोकं नावाच्या खाली घेतलं. शिवाय स्टॉलवर दिवाळी अंक कौलांसारखे एकावर एक सरकवून मांडतात, वरची चार-पाच बोटं पट्टीच काय ती दिसते. चकचकीत कव्हरांवर डोळे एवढे वर का असतात त्याचं निम्मं कारण मांडणीच्या या सक्तीत आहे. आपल्या पट्टीत नाव आणि मावशींचा अंबाडा येतो. डोळे येत नाहीत. वितरकाला आवडणार नाही.

मथळे तीनच. आकडा कशातच नाही.

१९ सप्टेंबर

प्रूफ आलं. छापखान्यातल्या भाऊंनी चेहरा परस्पर उजळून प्रूफ काढलेलं. कारण विचारलं तर शांतपणे म्हणाले, "छापल्यावर काळं पडते मॅडम, सगळ्यांचंच करतो."

यात तंत्राचा भाग खरा आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. ऑफसेटमध्ये शाईचा ठिपका कागदावर पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका चांगल्या आर्ट पेपरवरही ६५च्या आसपास जातो. सावळ्या कातडीत मॅजेंटा-पिवळ्याबरोबर सायनचाही (निळ्या शाईचाही) चांगला हिस्सा असतो, मधल्या छटांचे ठिपके फुगले की चेहरा मळका दिसतो. पण मग उतारा सगळ्या चित्राला हवा, प्लेट काढताना ठिपके लहान-मोठे करणाऱ्या कर्व्हमध्ये. पैठणीचा जांभळा रंग छापल्यावर गडद होतो तेव्हा भाऊ तो उजळत नाहीत. भिंत उजळत नाहीत. फक्त तोंड.

हे नागपूरच्या एका छापखान्यापुरतं नाही. १९५०च्या दशकापासून कोडॅकच्या रंगीत फिल्मचे प्रिंट जुळवायला प्रयोगशाळांना जी नमुना-पत्रं जात, त्यांवर गोरी बाई असे. तिला 'शर्ली' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले. यंत्राला 'बरोबर' म्हणजे काय हे शिकवलं तेव्हाच ती शिकवण गोरी होती.

भाऊंसोबत दुपारभर बसून कर्व्ह लावला. तिसऱ्या प्रूफात मावशी मावशींसारख्या आल्या. भाऊ स्वतःच म्हणाले, "अबोलीही बरी दिसून राहिली." अबोली बरी दिसणारच. आधीच्या प्रूफात चेहरा उजळून फुलं फिकी झाली होती.

२४ सप्टेंबर

सकाळी छापखान्यातून मुलाचा फोन. "मॅडम, पुढचं आणि मागचं कव्हर बदललं का? पाठ पुढं आली आहे." 'व्होग'मध्ये संपादक म्हणून ॲना विंटूरचं पहिलं कव्हर, नोव्हेंबर १९८८ चं, छापायला गेलं तेव्हा छापणाऱ्यांनीही असाच फोन केला होता: मॉडेल जीन्समध्ये, हसताना डोळे जवळजवळ मिटलेले, हेच कव्हर आहे ना? त्या कव्हरचं पुढे कौतुक झालं. आपल्या मुलाला फक्त 'हो, छाप' एवढं सांगितलं.

३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ग्लॉस नको, पैठणीचा काठ स्टॉलच्या बल्बखाली चकाकून मोर दिसेनासा होतो.

६ ऑक्टोबर

बर्डी, महाल आणि स्टेशनजवळच्या स्टॉलवर अंक पोचले. वितरक नाराज. बर्डीच्या स्टॉलवाल्याने अंक सरकवून मांडले नाहीत, दोरीला चिमट्याने अख्खा टांगला, कारण "पट्टीत नुसता अंबाडाच दिसतो, गिऱ्हाईकाले का समजेल". म्हणजे वितरकाने दोष सांगितला, त्याचाच आपल्याला फायदा झाला.

मी तासभर पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी होते. दोन कॉलेजच्या मुली थांबल्या, एकीने मोबाइल काढून फक्त गळ्याचा फोटो घेतला आणि अंक न घेता गेल्या. एका बाईंनी अंक उतरवून घेतला, चेहऱ्यापाशी नेऊन काठाचा जोड पाहिला, नवऱ्याला दाखवला, त्याला काही कळलं नाही, तिने विकत घेतला. एका आजोबांनी विचारलं, ही कोण नटी?

विक्रीचे आकडे दिवाळीनंतर वितरकाकडून येतील, ते वेगळ्या पानावर.

१३ ऑक्टोबर

मावशींचं मानधन दिलं, पावती फायलीत. त्यांनी दहा अंक जास्तीचे मागितले, ते सवलतीत दिले. फुकट नको म्हणाल्या.

आता नवी अडचण. गेल्या आठवड्यात मावशींकडे "तो कव्हरवाला गळा" मागत पाच-सहा बाया येऊन गेल्या. मावशींनी त्या गळ्याची शिलाई वाढवली आहे. त्यांचं म्हणणं, पुढच्या अंकात दुकानाचा पत्ता आणि फोन छापा, कव्हर तर माझंच आहे. समितीचं म्हणणं, ती जाहिरात झाली, पाव पानाचा दर लागेल. मावशींनी दर विचारला, ऐकला, आणि म्हणाल्या की मग ताईंच्या दोन सुनांच्या ब्लाउजांची शिलाई यंदा नव्या दराने लागेल. ताईंनी उद्या बैठक बोलावली आहे.